लाखेचा वास

पोस्टात पार्सलवर लाख वितळली की मी थेट भिंगारला, सासरच्या लाकूड कातायच्या, कातारी दुकानात पोचते.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. आमच्याकडे लाटणी व्हायची. लेथवरचं लाकूड फिरवणारी दोरी बायकांनी ओढायची, कातायची पटाशी मात्र पुरुषांनीच धरायची. एके दिवशी मी दोरी टाकली नि पटाशी उचलली.

"बाईमानसाचं काम न्हाई ते!" सासरे गरजले.

"लाटणं कसं पाहिजे, ते बाईलाच कळतं," मी म्हटलं.

दोरी ओढायला नवरासुद्धा उठेना. तेवढ्यात सासूबाई आल्या. तीस वर्षं दोरी ओढून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते.

"धर गं पटाशी, मी वढते."

त्यांनी दोरीला असा हिसका दिला की लाकूड गरगरलं, भुसा उडाला. मग मी फिरत्या लाटण्याला लाखेची कांडी टेकवली, ती घासून वितळली, तांबडा रंग चढला नि हाच वास सुटला.

कित्येक वर्षं मला वाटायचं, बंड मी केलं. पण दोरीला सासूबाईंसारखा हिसका मी कधीच दिला नव्हता.