आक्कांच्या चाव्या

निरोप आला तेव्हा मी वरवट बकालला होते, लेकीच्या अंगणात मुंगवड्या घालत होते. आमच्या देऊळघाटचा एक माणूस एस.टी.तून उतरून सरळ दारात आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या आक्का गेल्या." आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. मी काही बोलायच्या आतच शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मिरगीनंच गेल्या असतीन?"

"नाही हो बाई. झोपेत गेल्या. सकाळी उठल्याच नाही."

हाताला लागलेले मुगाचे वाटण वाळून गेले तरी मी तशीच बसून होते...

त्याला आता महिना उलटून गेला. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, आणि चार माणसांत तोंडाशी आलेला शब्दही माघारी जातो. पण दुपारी देऊळघाटचे घर निजले की ओसरीवर आक्का येऊन बसल्यासारखे वाटते, म्हणून हे लिहिते. कोणाला दाखवायचे नाही.

लग्न होऊन मी देऊळघाटला आले, तेव्हा आक्का दिसायच्या आधी त्यांच्या चाव्या ऐकू आल्या. कमरेला भला मोठा जुडगा, चालल्या की खुळखुळायचा. नव्या सुनेने काय समजावे? सगळे घर यांच्याच हातात आहे, असे मी धरून चालले. एकदा सासूबाईंनी गूळ काढायला सांगितला, तर मी जाऊन आक्कांकडे चावी मागितली. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अवं येडे, या घरात कुलूप कुठं हाये? म्हनून तू इतके दिवस गुळाले हात लावत नव्हती काय?"

पुढे एका सकाळी त्या अंगणात सडा टाकताना पडल्या. हातपाय ताठ, डोळे फिरलेले. सासूबाईंनी धावत जाऊन आधी रस्त्याकडचे दार लावले, मग आक्कांच्या कमरेचा जुडगा ओढून त्यांच्या मुठीत दाबला. हातात लोखंड दिले की मिरगी सुटते, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून घरोघरच्या मोडक्या कुलपांच्या चाव्या मागून तो जुडगा केला होता. त्यातल्या एकाही चावीने काहीच उघडत नव्हते.

आक्कांचेही लग्न झाले होते. पहिल्याच दिवाळीला सासरी मिरगी आली, सगळ्या भावकीसमोर त्यांना चप्पल हुंगवली आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून माहेरी आणून सोडले. न्यायला कोणी आले नाही. चप्पल मात्र त्या कधी विसरल्या नाहीत. माहेरी त्यांना चुलीपाशी जायची बंदी, विहिरीवर जायची बंदी. मग दिवसभर त्या जात्यावर, नाहीतर तूर निवडत असायच्या.

दुपारी ओसरीवर आम्ही दोघीच असलो की त्या बोलायच्या. "लोकाईले वाटते, मी पडतो. मले नाही तसं वाटत वं. आंधी समदं घर दूर दूर जाते. नदीच्या पल्याड दिसते, उन्हात. मंग मायचं जातं ऐकू येते... गोडच वाटते." शुद्धीवर आल्या की लहान पोरीसारखे विचारायच्या, "मी लय दूर गेलती काय?" मी म्हणायची, "नाही आक्का. इथंच, माह्या मांडीवर."

माझ्या लेकीला, कमलला, पहिले स्थळ आले तेव्हा आक्का आपल्याच मनाने वावरात जाऊन बसल्या. पण पाहुण्यांना एस.टी.च्या थांब्यावर कोणीतरी सांगितलेच. घराण्यात मिरगी आहे म्हणून तिथून होकार आला नाही. त्या दिवशी आक्का जेवल्या नाहीत.

मग वरवटचे लोक आले. हे म्हणाले, "आक्का, थोडी वावरात जाय ना."

"मागं गेलती नं? काय झालं?" म्हणत त्या धुतलेले लुगडे नेसून ओसरीवर बसल्या. पाहुण्यांनी पाणी प्यायच्या आधीच बोलल्या, "मले मिरगी येते. पोरीले नाही येत. आता काय पुसाचं ते मले पुसा."

मुलाची आई बराच वेळ त्या जुडग्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "आली तं काय करा लागते?"

असे आजवर कोणी विचारलेच नव्हते. पदराआडून कोणाचा तरी आवाज आला, आणि तो माझाच होता. "कुशीवर निजवा लागते. मांडी द्या लागते. चप्पल नाही."

"मंग लगनात यांच्याजोळ कोन बसन?"

"मी."

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कमलचे लग्न लागले. विहीणबाई उष्टी हळद घेऊन आल्या, बाया गाणी म्हणू लागल्या, आणि मांडवात सगळ्यांपुढे बसलेल्या आक्का कलंडल्या. "चप्पल आना वं!" कोणीतरी ओरडले. विहीणबाई ताट हातात घेऊनच फिरल्या. "चप्पल नाही म्हनून सांगतलं नं!" दोन-तीन बाया उठून गेल्या, त्या जेवायलाही आल्या नाहीत. बाकीच्या थांबल्या. मी आक्कांचे डोके मांडीवर घेतले. थोड्या वेळाने गाणे पुन्हा सुरू झाले, आधी हळू, मग मोठ्याने...

डोळे उघडून आक्कांनी विचारले, "हळद लागली काय वं पोरीले?"

"लागून राह्यली, आक्का. पाहा नं."

त्या तशाच पडून पाहत राहिल्या. रस्त्याकडचे दार उघडेच होते.

दहाव्याला बाया म्हणाल्या, त्या चाव्या नदीत सोडून दे, घरात ठेवू नये. मी हो म्हटले, आणि ओसरीच्या खुंटीला अडकवून ठेवल्या. दुपारी वारा आला की त्या खुळखुळतात. मी तूर निवडत असते. हातातले सूप आपोआप बाजूला सरकते, आणि मी मांडी मोकळी करून बसते.