चांदीचं कडं आणि सोलेनॉइड

बॅटरीची तार न सोडताच मी सासऱ्यांच्या मोटारीचा सोलेनॉइड उतरवायला घेतला.

सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरच्या पाठीवर बसलेली डबी. बटण दाबलं की बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून स्टार्टरला मिळतो. त्या सकाळी बटण दाबलं तर आतून नुसतं टक् व्हायचं. इकडे सासऱ्यांचा पुतण्या बाशिंग बांधून उभा, आणि चकलांब्याच्या व्याह्यांना सासऱ्यांनी शब्द दिलेला, नवरदेव मोटारीतच येईल म्हणून. निजामाच्या त्या अमदानीत चकलांब्यात मोटार म्हणजे तालुक्याचा साहेब यायचा तेव्हाच दिसायची. लग्नाला आली असती तर सासऱ्यांचं नाव झालं असतं.

सासरे म्हणाले, "जावईबापू, हँडल मारू की. ते कशाला हाय मंग?"

"मामा, नवरदेवापुढं हँडल फिरवत बसायचं? आत्ता डबी काढतो, पुसतो, बसवतो."

माझं मोटारीचं शिक्षण एवढंच, की औरंगाबादेत असताना एका मिस्त्रीच्या दुकानासमोर मी चहा प्यायचो. मिस्त्री आधी बॅटरीची तार सोडायचा, तेव्हा मी बहुधा बशीत फुंकर घालत असेन.

मनगटात धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी वाण म्हणून दिलेलं चांदीचं कडं होतं. ते दिसावं म्हणून बाही वर सारली, हात आत घातला. कडं एका अंगानं डबीच्या बोल्टाला टेकलं, दुसऱ्या अंगानं इंजिनाच्या लोखंडाला.

फाट्!

डोळ्यांपुढं पांढरा जाळ. कडं क्षणभर तिथंच चिकटलं, आणि हात त्याच्या आत. हिसडा मारून मी मागं धुळीत बसलो आणि स्वतःच्या मनगटाकडं दुसऱ्याचं असल्यासारखा बघत राहिलो. वाजंत्री थांबली. नवरदेवाचं बाशिंग कानावर आलं, तरी कुणाचा हात तिकडं गेला नाही.

कुणीतरी बॅटरीची पेटलेली तार ओढून तोडली, तोवर तिच्या शेजारची, इंजिनाला ठिणगी देणारी बारीक तारही जळून गेली होती. म्हणजे आता हँडलही कामाचं उरलं नव्हतं.

सासरे हळूच म्हणाले, "बैलं जुपा."

दिलेला शब्द त्यांनी पाळला. नवरदेव मोटारीतच चकलांब्यात शिरला; फक्त मोटार दोन बैल ओढत होते. वेशीतली माणसं हसलीसुद्धा नाहीत, नुसती आ वासून बघत राहिली. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी बायको मनगटाला लोणी लावत होती. काळं पडलेलं, एका जागी वितळलेलं कडं ताटलीत ठेवलं होतं. माझ्याशी थेट न बोलणाऱ्या सासूबाई उंबऱ्यातून ते बघत उभ्या होत्या. पदर सावरत त्या सासऱ्यांना म्हणाल्या,

"अवो, फुडल्या धोंड्याला जावायाला लाकडाचं कडं करा."