मागच्या खोलीचा हक्क

आमचे हे तेव्हा अलिबागच्या शाळेत मास्तर होते. किहीमला नारळीच्या वाडीतलं एक कौलारू घर विकायचं आहे, असं कळलं. मालक मुंबईत नोकरीला. घरात राहत होती ती त्याची विधवा वहिनी, लाल आलवणातली, चाळिशीची. आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा पावसात कुठं गळतं तेसुद्धा तिनंच दाखवलं. मालकानं ते सांगितलं नव्हतं.

"तुम्ही आता कुठं जाणार?" मी विचारलं.

"मी कुठं जाते? मागच्या खोलीत राहायचं ठरलंय. भावोजींनी कागदात घातलंय म्हणे."

घरी आल्यावर मी ह्यांना त्याबद्दल विचारलं. "वकील बघताहेत ना! तुला त्यातलं काय कळतंय?" घरासाठी माझ्या पाटल्या मोडल्या, तेव्हा कळण्याचा प्रश्न आला नव्हता. मी खरेदीखताचा मसुदा वाचून दाखवायलाच लावला. चतुःसीमा, विहीर, वाडीतली झाडं, पाणंदीची वाट, सगळं बारकाईनं लिहिलेलं. आणि शेवटी, वहिनी आपला अन्नवस्त्राचा व राहण्याचा हक्क राजीखुशीनं सोडून देत आहे!

"हे घालावंच लागतं," हे म्हणाले. "नाहीतर उद्या ती दावा लावील, असं वकील म्हणतात."

म्हणजे हक्क होता! होता म्हणूनच तो काढून घ्यायची ही धडपड. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण "दिरानं सांगितलं असेल तिला," यापुढे हे बोलेनात.

नोंदणीच्या दिवशी मी हट्टानं कचेरीत गेले. वहिनीला बैलगाडीतून आणून एका कोपऱ्यात उभं केलं होतं. सब-रजिस्ट्रारनं मान वर न करता विचारलं, "बाई, दस्त वाचून दाखवला? मजकूर कबूल?"

"कबूल आहे, साहेब," दीरच बोलला. कारकुनानं तिचा अंगठा शाईवर टेकवलासुद्धा.

"नाही वाचून दाखवला!" मी दारातून ओरडले.

दीर म्हणाला, "मास्तर, बायकोला आवरा." पण साहेबांनी मान वर केली, आणि ते शेवटचं कलम तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. ती ऐकत राहिली. मग शाईचा अंगठा पदराला पुसत म्हणाली, "हे मला कबूल नाही. मी हयात असेतो मागची खोली आणि विहिरीचं पाणी, असं लिहा."

त्या दिवशी दस्त झाला नाही. वकील म्हणाले, गिऱ्हाइकानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलेला आपण प्रथमच पाहिला. दिराला मात्र दुसरं गिऱ्हाईक मिळेना. शेवटी तिच्या म्हणण्याप्रमाणेच नवा कागद झाला. त्यावर खरेदीदार म्हणून नाव अर्थात एकट्या ह्यांचं. मला कुणी विचारलंही नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

वहिनी शेवटपर्यंत आमच्याकडे राहिली. माझी दोन बाळंतपणं तिनंच केली. दिरानं तिला कधी लुगडंसुद्धा पाठवलं नाही. ती गेल्यावर मात्र तो सुतक फिटायच्या आत दारात हजर. म्हणे, खोली तिच्या हक्काची होती, आता तिच्यामागं ती आपल्याकडे येते.

मी बोलणार, तोच हे ओटीवरून उठून त्याच्यासमोर उभे राहिले. आमच्या मास्तरांचा चढलेला आवाज त्या दिवशी साऱ्या आळीनं ऐकला.