आडनावातलं गाव

आमच्या आडनावाचं गाव कुठंच नाही. शेवटी 'कर' आहे, म्हणजे गाव असायला हवं. पण खटाव-माण भागात चौकशी केली, जुने नकाशे पाहिले, त्या नावाची साधी वाडीही सापडली नाही. घरात एवढंच माहीत होतं, की आबांचे पणजोबा दीडेकशे वर्षांपूर्वी वडूजकडून मेंढरं घेऊन आष्ट्याला आले आणि इथंच राहिले.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग ऊस केला. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले. मी त्यांची एकुलती एक, शाळेत नोकरी केलेली, लग्न न केलेली. एका दुपारी मी त्यांना भरवत होते, तेव्हा ते म्हणाले, "आपलं मूळ गाव बघून ये की गं. जायच्या आदी कळू दे."

वडूजला तीन खेपा केल्या. तिथल्या कचेरीतल्या जुन्या वह्या मोडी लिपीत होत्या, म्हणून मोडी वाचणारे एक निवृत्त कारकून सोबत घेतले. तिसऱ्या खेपेला त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. आबांच्या पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, दोन्ही घरात सांगायचे तीच. धंदा, मेंढ्या राखणं.

"आणि गाव?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "गावाच्या जागी 'फिरता' लिहिलंय, बाई. आडनावाची जागा कोरी आहे."

चहा पिताना त्यांनीच हेळव्याकडं जायला सुचवलं. हेळवी लोक घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवतात. सुगीनंतर बैलावर बसून दारात येतात, पूर्वजांची नावं म्हणून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात. लहानपणी आमच्या दारात एक यायचा, ते मला अंधुक आठवत होतं.

जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्याचं घर सापडलं. तो केव्हाच वारला होता. मुलगा माझ्याच वयाचा. त्यानं वही काढली, आष्ट्याची सगळी घरं बोटानं तपासली. आमचं नव्हतं.

"जुनी वही फाटली तवा वडलांनी नवी उतरून काढली," तो म्हणाला. "चालू घरं तेवढीच घेतली. तुमचं घर बंद झाल्यालं."

"बंद म्हणजे?"

"तुमच्या घरच्या फौजीनं दारातनं परत घालवलं. भीक मागाय येऊ नगा म्हणाले. वडलांच्या लय मनाला लागल्यालं ते."

"जुनी वही कुठं आहे?"

"नदीत सोडली, आक्का."

आबांना हे सांगायचं नाही, असं येताना ठरवलं. घरी येऊन मी "नाही मिळालं" एवढंच म्हणाले.

"हेळव्याकडं गेलीवतीस?" आबांनी विचारलं.

खोटं बोलवेना. मी मान हलवली.

"सुट्टीवर आलोवतो," ते म्हणाले. "तू चार-पाच वर्साची आसशील. म्हातारा येकेक नाव म्हणत पार मागं चाललावता. चार माणसं बगाय जमली. मला लाज वाटली. मदीच थांबवला त्याला."

"गावाचं नाव आलं होतं का?"

"आलं आसतं तर तुला कशाला धाडलं आसतं?"

पुढं त्यांनी तो विषय काढला नाही. जेवण कमी होत गेलं. मी पाठीला उशी लावून बसवायची, ते दोन घास खाऊन तोंड फिरवायचे. एकदाच म्हणाले, "तुज्या माघारी इचारणारं बी कोण न्हाई." उन्हाळा संपायच्या आत गेले.

रेशन कार्डावरून त्यांचं नाव कमी करून आणलं. त्या आडनावाचं आता माझं एकटीचंच नाव उरलंय. वडूजच्या कारकुनांचा मध्ये फोन आला, आणखी एक गठ्ठा निघालाय म्हणाले. मी गेले नाही. जाऊन काही कळलं असतं, तरी सांगायचं कुणाला?