घरटी एक माणूस

आण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मशीनवर होतो. दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती. गेटवरचा वॉचमन आमच्या शॉपमध्ये आला, सुपरवायझरच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. अशा बघण्याचा अर्थ कारखान्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. "घरून माणूस आलाय, तुम्ही निघा," सुपरवायझर म्हणाले. आणि मी काय म्हणालो, तर "हातातला जॉब पुरा करतो आणि निघतो." लेथवर चढवलेला तुकडा मी खरोखरच पुरा केला, मापात बसतोय का ते पाहिलं, मग हात धुतले. त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते आता नीट सांगता येत नाही. बहुधा एवढंच, की हे मशीन फिरतंय तोवर आण्णा आहे...

त्याच दिवशी सकाळी मी पिंपरीच्या दवाखान्यात त्याला भेटून आलो होतो. छातीत दुखतंय म्हणून त्याला दाखल केलं होतं, पण चेहऱ्यावरून तसं काही वाटत नव्हतं. मी जवळ बसलो तर म्हणाला, "ह्या खाटंच्या चाकाला कुनी तेल घातलेलं न्हाई. रातभर कुरकुरतंय." मी हसलो. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "शिफ्ट कंची?" म्हटलं, "दुसरी." "मग निघ. बस चुकंल." आणि मी निघालो. आजवर तो मला निघ म्हणाला की मी निघतच आलो होतो.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. थेरगावच्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान होतं, आणि कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या निम्म्या माणसांना त्याने कधी ना कधी रस्त्याला लावलं होतं. माणसं भेटतात आणि म्हणतात, भला माणूस गेला हो. खरंच आहे ते. पण त्याच्याविषयी लिहायला बसलो की त्याचा भलेपणा बाजूला राहतो आणि दुसरंच काहीतरी टोचत राहतं. ते टाळून लिहिलं तर हा लेख वाचणाऱ्यांना आवडेलही, पण वहिनीला तोंड दाखवायला मला जागा उरणार नाही.

बासष्टच्या सुमाराची गोष्ट. आमचं शेत कारखान्याच्या हद्दीत गेलं. मोबदला मिळाला, आणि शिवाय असं ठरलं की ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरटी एका माणसाला कंपनीत घेतील. एका घरातून एकच. आमच्यात अशा वेळी थोरल्याचं नाव पुढे जातं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. वडिलांनीही चावडीवर आण्णाचंच नाव सांगून टाकलं. मी तेव्हा नुकता मॅट्रिक झालेलो. कंपनीची बस, कॅन्टीनचं जेवण, खिशावर कंपनीचं नाव असलेला सदरा, हे सगळं मी मनातल्या मनात कधीच अंगावर चढवलं होतं. मी भांडलो नाही. भांडलो असतो तर निदान मोकळेपणाने भांडलो असं तरी म्हणता आलं असतं. मी ताट बाजूला सारलं, आणि दुसऱ्या दिवशीही सारलं. आई रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा वडिलांना म्हणाला, "बबनला जाऊ द्या. आपल्याला कुनाच्या हाताखाली न्हाई जमायचं. आपुन सायकलीचं दुकान टाकतो." वडील त्याच्यावर पुष्कळ दिवस धुसफुसत होते. मी मात्र त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आणि मग आण्णाच्या त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं निवांत जगलो. कुणी विचारलं, थोरला भाऊ कंपनीत का नाही, तर मी सांगायचो, "आमचा आण्णा स्वतंत्र वृत्तीचा. त्याला साहेब चालत नाही." सांगताना थोडा अभिमानही असायचा. आण्णाने दुकानही असं चालवलं की ते वाक्य कुणालाही खरं वाटावं. पत्र्याची टपरी, दारात पंप, पंक्चर बघायला पाण्याची घमेली, वर टांगलेल्या ट्यूबा. पाळी सुटायच्या वेळेला तिथे ही गर्दी. मराठवाड्यातून आलेली पोरं, कोकणातली माणसं, आमच्या मावळातली, वसाहतीतली बौद्ध मंडळी, सगळी सायकलचं हँडल धरून रांगेत उभी. आण्णाची मतं तिथे फुकट मिळत. शीट नको इतकी उंच ठेवणारा माणूस घरात कुणाचं ऐकत नसतो. जो घंटी फार वाजवतो त्याचे ब्रेक बघून घ्यावेत. नवरा कसा आहे ते बायकोला विचारू नये, त्याच्या सायकलचं कॅरिअर बघावं. नवीन लग्न झालेला कुणी आला, की आण्णा न विचारता कॅरिअरला गोधडीची घडी बांधून द्यायचा आणि म्हणायचा, "तुला न्हाई रं लागत, जिला बसायचंय तिला लागतंय." एकदा परभणीकडचा एक जण नवी सायकल घेऊन आला. तिला हार घातलेला, हळदकुंकू वाहिलेलं, पण गडी ती हाताने ढकलत आलेला. म्हणाला, "चालवता येत नाही, पण घेऊन ठेवली." आण्णाने दुकान तसंच सोडलं आणि संध्याकाळभर त्याच्या शीटला धरून मैदानात पळत राहिला. गिऱ्हाइकं ओरडत होती. आण्णा लांबून म्हणत होता, "जरा दम काढा की राव, मानूस शिकतोय."

मी पाळी सुटल्यावर दुकानात डोकवायचो तेव्हा तो मला हमखास कारखान्याचं विचारायचा. आज मशीनवर काय केलंस, हत्यार किती तापतं, नवीन मशीन आलंय म्हणतोस तर ते आवाज कसा करतं... खंडेनवमीला तर त्याचा पहिला प्रश्न, "तुझ्या मशीनला हार घातला का?" स्वतःच्या पान्या-पकडींना तो नंतर कुंकू लावायचा. मला वाटायचं, रिकामा वेळ आहे म्हणून विचारतोय. कधी कधी कंटाळाही यायचा. पाळी करून आलेल्या माणसाला पुन्हा पाळीच सांगायला लावायची म्हणजे काय! मग मी दोन शब्दांत आटपायचो.

दहाव्याला नदीवर कावळा शिवायला वेळ लागला. माणसं एकेक करून म्हणत होती, पोरांचं बघू, दुकान बंद पडू देणार नाही, काय इच्छा असेल ती सांग. मी पुढे होऊन म्हणालो, "आण्णा, तू तुझ्या मनासारखा जगलास. कुणाची चाकरी केली नाहीस." कावळा झाडावर तसाच बसून राहिला. घरी आल्यावर वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. तिने मला जवळ बोलावलं आणि रागावून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भावजी, तुमी नदीवर बोलला ते पुन्ना कुठं बोलू नगा. त्यास्नी जायचं हुतं कंपनीत. दुकान टाकल्यावर चार-पाच वर्सांनी कंपनी वाढली, नवी भरती निघाली. तवा गेलं हुतं गेटवर इचारायला. आतनं सांगितलं, तुमच्या घरातला मानूस घेतलेला हाय. झालं. घरी येऊन जेवलं आन् दुकानात गेलं. मला म्हनलं, बबनला कळाय नगं, त्याचा जीव खालीवर हुईल."

मला तो दिवस लख्ख आठवला. इतकी वर्षं तो माझ्या आठवणींत एक चांगला दिवस म्हणून पडून होता. पहिली पाळी करून मी बाहेर आलो तर गेटसमोर आण्णा उभा. पांढरा धुतलेला सदरा, केसांना तेल, नखंसुद्धा घासून साफ केलेली. मी चेष्टेने म्हणालो, "काय आण्णा, पोरगी बघायला निघालास का दुसरी?" तो म्हणाला, "चेन आनायला आलतो हिकडं. म्हनलं तुला घिऊन जावं." मी कॅरिअरवर बसलो. वाटेत समोरून वारा होता, तो पायडल मारत होता आणि मी मागून बोलत होतो. फोरमन कसा माजलाय, कॅन्टीनची उसळ कशी पाणचट, नोकरी म्हणजे कसला ताप आहे, तू सुटलास बघ आण्णा. सगळी वाट मी हेच बोलत होतो. चेन कुठे आहे हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. तो मधूनमधून "व्हय" म्हणत होता...

आता कुणी म्हणेल, तेव्हा तुमचं वय काय होतं, त्याने आपणहून दिलं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. माझी बायकोही तेच म्हणते. पण त्याने दिलं ते पहिल्या वेळी. दुसऱ्या वेळी मी आत होतो एवढ्याच कारणाने त्याला परत पाठवलं, आणि त्याच दिवशी मी त्याच्याच सायकलवर मागे बसून आलो. माझ्या मुलांचं शिक्षण, कॉलनीतलं घर, बायकोच्या हातातल्या बांगड्या, सगळं त्या घरटी एका माणसाच्या जागेवर उभं आहे. त्याबद्दल मी आण्णाशी एकदाही बोललो नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी थट्टा करून विषय बदलला असता, हे मला माहीत आहे. पण मी विचारायला हवं होतं.

मागच्या रविवारी वहिनीबरोबर दुकान आवरायला गेलो. पुढचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण उंदीर तरी होऊ नयेत म्हणून. वरच्या फळीवर जुन्या टायरांच्या मागे एक बोचकं निघालं. सोडलं तर आत माझे सदरे. कंपनी दर वर्षी नवे युनिफॉर्म देते, तेव्हा जुने मी आण्णाला आणून द्यायचो, ग्रीसचे हात पुसायला. आपण त्याला काहीतरी देतोय असंही वाटायचं मला, खोटं कशाला बोलू. त्यातला एकही फाडलेला नव्हता. सगळे धुऊन, घडी करून ठेवलेले.

"मग पुसायला काय घ्यायचा तो?" मी विचारलं.

"शिंप्याकडनं चिंध्या आनायचं," वहिनी म्हणाली. मग वरचाच एक सदरा उचलून तिने गळ्याशी बोट ठेवलं. "ह्याला गुंडी नव्हती. मला लावून द्यायला सांगितली."

"घालायचा का कधी?"

"न्हाई वो. अंगावर कवाच घातला न्हाई."

ती बाहेर पंप झाकायला गेली. मी सदरा उलगडून हातात धरला. खिशावर कंपनीचं नाव होतं, धुऊन धुऊन फिकं झालेलं, पण वाचता येत होतं. लहानपणी दिवाळीला आई एकाच ताग्यातून आम्हा दोघांचे सदरे शिवून घ्यायची. मी हाडापेराने त्याच्याएवढाच, म्हणून शिंपी एकट्या आण्णाचंच माप घ्यायचा आणि म्हणायचा, धाकट्याचं वेगळं कशाला घ्यायचं, थोरल्याचं आहे ते त्याला बरोबर येतं.