लिनेट कुणी घेईना

वेंडेल हासने सत्तावीस वर्षं गाड्या विकल्या, पण त्यातल्या एकीवरही त्याचा जीव जडला नव्हता. गाडी म्हणजे पत्रा, असं तो म्हणायचा. आज चकाकतो, उद्या गंजतो. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण लिनेट आली आणि हा कोरडा माणूस विरघळला.

चार दारांची, बुटकी, निळसर राखाडी गाडी. डुएनच्या शोरूममध्ये ती उतरली त्या दिवशी वेंडेल तिला घेऊन सहज म्हणून नदीकाठच्या रस्त्याला गेला आणि तासाभराने परतला. डुएन, म्हणजे मालक, दारातच उभा होता.

"कुठे पळवून नेलीस की काय?"

"बसून बघ," वेंडेल म्हणाला. "वळणावर अशी चिकटून राहते! आणि गॅलनला चाळीस मैल."

"चाळीस मैल कुणाला हवेत? पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळतंय."

डुएन काही चुकीचं बोलत नव्हता, पण वेंडेलने ते मनावर घेतलं नाही. त्याने स्वतःसाठी पहिली लिनेट घेतली. मासिकांत गाडीची तारीफ छापून यायची, ती कात्रणं तो टेबलाच्या काचेखाली सरकवायचा. गिऱ्हाइकं यायची, लिनेटमधून चक्कर मारायची आणि खूश होऊन उतरायची. "काय गोड गाडी आहे हो!" म्हणायची, तिच्या टपावर कुत्र्याच्या पिल्लाला थोपटावं तसं थोपटायची, आणि मग पलीकडच्या रांगेतली उंच, मोठी गाडी घेऊन जायची.

सुरुवातीला वेंडेल हुज्जत घालायचा. दोन माणसांच्या संसाराला सात जणांची गाडी कशाला? कोणती सिमेंटची पोती वाहायचीत? लोक हसायचे, मान हलवायचे. एकजण म्हणाला, "तुझं पटतं रे, पण माझ्या गल्लीत सगळ्यांच्या उंच आहेत. मी हिच्यात बसलो तर मागून फक्त त्यांचे दिवे दिसतील, आणि तेही डोळ्यांत." एका बाईने वाणसामानाच्या पिशव्यांचं कारण सांगितलं, दुसरीने बर्फाचं. कारणं रोज वेगळी असायची, पण गाडी शेवटी उंचच जायची.

तरी वेंडेल महिन्याला तीन-चार लिनेट खपवायचा. बाकीच्या विक्रेत्यांना एकही जमत नव्हती.

अशातच एप्रिलमध्ये इडेला बाउअर आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सडपातळ, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. गावच्या शाळेत त्या छत्तीस वर्षं नर्स होत्या. गावातल्या निम्म्या लोकांचे गुडघे लहानपणी त्यांनी पुसले होते, त्यात वेंडेलचेही. त्यांची जुनी गाडी थंडीत मान टाकून बसली होती.

"मला ती पलीकडची दाखव," त्या उंच गाड्यांच्या रांगेकडे बोट करून म्हणाल्या.

"बाई, तिच्यात चढायला तुम्हाला शिडी लागेल."

"लागू दे. रस्त्यावरचे निदान दिसतील तरी मला. आणि मी त्यांना."

वेंडेलने त्यांना लिनेटमध्ये बसवलं. त्यांनी सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसे फिरवले. "चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण वेंडेल, खुर्ची सोडून जमिनीवर बसल्यासारखं वाटतंय बघ."

"आठ दिवसांत सवय होते. आणि पार्किंगला इतकी सोपी आहे की बोलायची सोय नाही."

त्या घरी गेल्या, चार दिवसांनी परत आल्या, परत गेल्या. तिसऱ्या खेपेला वेंडेल म्हणाला, "बाई, माझ्या आईला घ्यायची असती तर मी हीच घेतली असती." हे त्याने विक्रीची युक्ती म्हणून म्हटलं नव्हतं. इडेलाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. शाळेत ताप खरा की खोटा हे ओळखायला बघायच्या, तसं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस तर."

उन्हाळाभर त्या लिनेटमधून हिंडल्या. चर्चच्या आवारात भेटल्या की म्हणायच्या, "अरे, महिन्यातून दोनदाच पंपावर जाते मी! पंपावरचा माणूस विचारतो, बाई, आजारी होतात का?" जूनमध्ये त्यांनी रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरलेला 'पाय' भाजून शोरूममध्ये पाठवला. वेंडेलने तो कुणाला वाटला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी साडेपाचला, गावाबाहेरच्या चौकात एक पिकअप स्टॉपच्या पाटीला थांबली नाही. चालवणारा साधासुधा माणूस होता, छपरं घालायचं काम करायचा, दारूचा थेंबही घेतलेला नव्हता. सूर्य अगदी समोर आला होता. समोर काही आहे हेच दिसलं नाही, असं त्याने सांगितलं, आणि सांगताना तो रडत होता. पिकअपचा एक दिवा फुटला आणि जाळी वाकली. इडेलाबाई नऊ दिवस टोलेडोच्या इस्पितळात होत्या. दहाव्या दिवशी गेल्या.

मधल्या दिवसांत वेंडेल भंगारवाल्याच्या आवारात गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. लिनेट कुंपणापाशी होती. सगळ्या एअरबॅगा फुगून पडलेल्या, पट्टा ताणलेला, दारातला, बाजूचा धक्का झेलणारा दांडा वाकला होता पण तुटला नव्हता. गाडीने तिच्याकडून होतं तेवढं सगळं केलं होतं. पण खरा मार दांड्याला बसलाच नव्हता. दांडा होता वेंडेलच्या गुडघ्यापाशी, आणि पिकअपचं नाक शिरलं होतं खिडकीतून. वेंडेलने हात खाली दांड्यावर ठेवला, मग वर फाटलेल्या पत्र्यावर ठेवला. दोन्हींमध्ये हातभर अंतर होतं.

"घ्यायचंय का काही?" भंगारवाल्याने लांबून विचारलं. "इंजिन चांगलं आहे हिचं."

"नाही," वेंडेल म्हणाला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे पाव, चीज घालून भाजलेले बटाटे, कागदी ताटल्या. इडेलाबाईंचा मुलगा रसेल इंडियानाहून आला होता. तो ताटली हातात घेऊन वेंडेलपाशी येऊन उभा राहिला.

"आईला दुसरी गाडी घ्यायची होती ना? उंचवाली? फोनवर म्हणाली होती मला."

"हो."

"मग?"

वेंडेलची बायको लोर्ना शेजारी होती. तिने त्याच्या बाहीला हात लावला. पण वेंडेल बोलला. "मी म्हटलं, हीच घ्या."

रसेलने ताटलीतले बटाटे काट्याने एका कडेला सारले. "तिला आवडत होती," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वेंडेल घरी जाताना म्हणाला.

तीन आठवड्यांनी रसेलच शोरूममध्ये आला. आईच्या घराची आवराआवर करायला तो गावात होता. बायको ट्रिश बाहेर त्यांच्या गाडीतच बसून राहिली, काच वर करून.

"ट्रिशसाठी मोठी हवीय," रसेल म्हणाला. "तुमच्याकडची सगळ्यात मोठी."

"रसेल, तुला दुसरं कुणी दाखवेल. मी सांगतो डुएनला."

"नको. तुम्हीच दाखवा. आता तुम्ही मला बुटकी घे म्हणणार नाही, एवढी खात्री आहे."

वेंडेलने दाखवली. रसेलने ना अ‍ॅव्हरेज विचारलं, ना रंग. जमिनीपासून बॉनेट किती उंच आहे ते त्याने स्वतःच्या छातीला लावून पाहिलं आणि सही केली.

त्या दिवसानंतर वेंडेलची हुज्जत संपली. कुणी लिनेटला थोपटलं की तो "हो, छान आहे" म्हणायचा आणि उंच रांगेकडे चालू लागायचा. नोव्हेंबरमध्ये त्याने एकही लिनेट विकली नाही. उलट उंच गाड्या मात्र धडाधड विकल्या. डुएनने पाठ थोपटली. "अखेर शहाणा झालास!"

जानेवारीत कंपनीकडून कोर्टनी नावाची एक बाई आली. इतकी वाखाणलेली गाडी लोक घेत का नाहीत, हे ती गावोगाव विचारत हिंडत होती. हातातल्या टॅबवर कारणांची यादी होती.

"किंमत जास्त वाटते का?"

"नाही."

"डिकी लहान?"

"डिकी खूप आहे."

"मग लोक नेमकं काय म्हणतात?"

"लोक काहीही म्हणतात. पिशव्या, बर्फ, कुत्रा. पण बाहेर जाऊन रस्ता बघतात ना, तेव्हा घाबरतात. शेजाऱ्याने उंच घेतली की ह्यालाही उंच लागते. ह्याने घेतली की तिसऱ्याला. तुमच्या गाडीत खोट नाही हो. खोट तिच्या शेजाऱ्यांत आहे. आणि तेही तुम्हीच बनवता."

कोर्टनीने यादी वरून खालपर्यंत सरकवली. "ह्याला रकाना नाही," ती ओशाळून म्हणाली. "'इतर' लिहू?"

"लिहा."

घरी तर ही भीती नोव्हेंबरातच शिरली होती. लोर्ना लिनेटमध्ये बसेना. भांडली नाही, नुसतं म्हणाली, "मला नाही जमत आता, वेंडेल." रविवारी ती तिच्या जुन्या व्हॅनमधून चर्चला जायची आणि तो मागून लिनेटमधून. एका घरातून दोन गाड्या निघायच्या. गाव बघायचं, पण कुणी विचारलं नाही.

वेंडेल हट्टाने दोन महिने तसा गेला. मग त्याची मुलगी बाळाला घेऊन आली. तो नातीला उचलून गाडीकडे निघाला तेव्हा मुलीने मध्येच तिला त्याच्या हातातून घेतलं.

"बाबा, हिला नाही न्यायचं त्या गाडीतून."

"अगं, कोपऱ्यापर्यंतच."

"बाबा, नाही म्हटलं ना."

सोमवारी त्याने लिनेट डुएनला परत दिली आणि रांगेतली एक उंच गाडी घेतली. "मला सांगू नकोस ही कुणाला विक म्हणून," डुएन म्हणाला. लिनेट मागच्या कुंपणाला लावून ठेवली. तिथे आधीच सहा उभ्या होत्या, चाकं निम्मी बर्फात रुतलेली. फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. ह्या देशात लिनेट विकणं बंद. दुसऱ्या देशांत ती चालूच राहणार होती, तिथे तिला मागणी होती म्हणे. ती बनवणाऱ्या कारखान्यात आता पिकअप बनणार होत्या.

मार्चमध्ये लिलावाचा लांबलचक ट्रक सातही लिनेट न्यायला आला. एकेक गाडी साखळीने वर ओढली जात होती आणि आवाज शोरूममध्ये येत होता. वेंडेल तेव्हा एका जोडप्याला तिसऱ्या रांगेतल्या सीटा कशा घडी होतात ते दाखवत होता.

"बाहेर काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"जुना माल हलवतायत," वेंडेल म्हणाला.

"आमचे दोन कुत्रे मावतील ना ह्यात? मोठे आहेत."

"मावतील की," तो म्हणाला, आणि त्याने मागचं दार आणखी वर उचललं.