हेलेनाच्या धुराड्याचा रंग

सेवेरो पालाब्रिका यांच्या टेबलाशी नवा माणूस आला की त्याला लगेच जहाज बांधायला मिळत नसे. मिळे तो बोटभर लांबीचा लाकडाचा तुकडा. त्यातून जीवरक्षक नाव कोरायची. एक नव्हे, चार.

"आधी जीव वाचवायची सोय," सेवेरो म्हणत. "जहाजाचं नंतर बघू."

बहुतेक जण दुसऱ्या नावेपर्यंत टिकत. चार पूर्ण करणाऱ्याला सेवेरो स्वतः तासलेल्या पट्ट्यांची जुडी देत आणि विचारत, "कुठलं?" म्हणजे कुठलं जहाज. फिलिपिन्समधल्या इलोइलोत दर दुसऱ्या घरातला कुणीतरी समुद्रावर असतो, नाहीतर तिथून परतलेला असतो. त्यामुळे या प्रश्नाला उत्तर नाही असं कधी झालं नाही.

सेवेरो एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुतार होते. १९९८ साली कायमचे घरी आले आणि महिनाभरात त्यांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या दुरुस्त केल्या, न मोडलेल्यासुद्धा. त्यांची बायको पुरिता हिने पाद्रींना सांगून शहराच्या मोलो भागातल्या चर्चमागची पत्र्याची शेड मिळवून दिली. तिथे त्यांनी आपल्या शेवटच्या जहाजाची प्रतिकृती सुरू केली. शेजारचा निवृत्त सुकाणी बघायला आला, त्याच्या मागून त्याचा मेहुणा. तीन वर्षांत दर शनिवारी दुपारी चौदा माणसं बसू लागली.

त्या वर्षांबद्दल मोलोतले लोक अजून बोलतात. किटलीच्या वाफेवर पट्ट्या वाकवायच्या, वास सगळ्या गल्लीत पसरायचा. कुठल्या बंदरात सर्वांत वाईट पाव मिळतो यावर वाद व्हायचे. चार वाजता पुरिता पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात आणि आंबे घेऊन यायची आणि प्रत्येकाच्या जहाजाला नावं ठेवायची. "तुझं कालच्यापेक्षा वाकडं झालंय," हे तिचं ठरलेलं कौतुक.

मग काही जण वारले, काहींचे गुडघे गेले. आणि काही जण सेवेरोंच्या नियमामुळे गेले. नियम असा की फोटो नाहीतर नकाशा हवा. जे पाहिलं नाही ते रंगवायचं नाही. एका आचाऱ्याने आपल्या जहाजाला आवडला म्हणून पिवळा पट्टा दिला, तेव्हा सेवेरो सगळ्यांसमोर म्हणाले, "हे जहाज आहे की मिरवणुकीतली गाडी?" आचारी परत आला नाही. २०१४ साली टेबलाशी चार माणसं उरली होती. सेवेरो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आपल्यामागे शेडला कुलूप लागेल हे त्यांना दिसत होतं. पुरितापाशी ते तसं बोललेही होते.

त्याच वर्षी हेनारो गेसुलगा आला. वय एकसष्ट, इंजिनखान्यात यंत्रांना तेल घालणारा, कान अर्धे गेलेले. त्याने पाच आठवड्यांत चारही नावा केल्या, त्याही उत्तम.

"कुठलं?" सेवेरोंनी विचारलं.

"हेलेना के. अकरा वर्षं होतो तिच्यावर, नोंग." थोरल्या माणसाला तिकडे नोंग म्हणतात.

"फोटो?"

"वादळात घराचं छप्पर गेलं, त्यात पेटी भिजली. आणि हेलेना बांगलादेशात भंगारासाठी तोडली."

त्या बांधणीच्या जहाजांचा नकाशा सेवेरोंकडे होता, त्यामुळे सांगाडा उभा राहिला. हेनारो रमला. पट्टी लावताना तो सांगायचा, इथे पंप, इथे शिडी, या शिडीची सातवी पायरी सैल होती. सेवेरो स्वतः इतक्या वर्षांत इंजिनखान्यात क्वचितच उतरलेले. ते हातातलं काम ठेवून ऐकत बसायचे. पुरिता म्हणाली, "इतकं तर माझं कधी ऐकलं नाहीत."

पाच महिन्यांनी जहाज पूर्ण झालं आणि सेवेरोंनी रंगांच्या डब्या काढल्या. "धुराडं कुठल्या रंगाचं?"

हेनारोने डब्या एकेक उघडून पाहिल्या. मग म्हणाला, "माहीत नाही, नोंग."

टेबलाच्या टोकाला बसलेला बेनिग्नो हसला. तो एकेकाळी सेकंड ऑफिसर होता आणि ते विसरू देत नसे. "अकरा वर्षं? बायकोचा चेहरा तरी आठवतो का रे?"

"तुम्ही वरून समुद्र बघत होता," हेनारो म्हणाला. "मी खाली होतो. बंदरात रात्री चढायचं ते थेट खाली. धक्क्यावरून बघितलं तर समोर नुसती लोखंडाची भिंत. आणि सुट्टीला निघालेला माणूस मागे वळून बघतो का?"

सेवेरोंनी चौकशी केली. हेलेना बाहेरून पाहिलेले तिघे शहरात सापडले. एक म्हणाला निळं, दुसरा म्हणाला लाल पट्टा, तिसऱ्याने शपथेवर हिरवं सांगितलं. मालक बदलले की रंग बदलतात. तिघंही खरं बोलत असतील.

"मग निळं देऊ," हेनारो म्हणाला.

"तू पाहिलंस का निळं?"

"नाही."

"मग नाही."

पुढचे दोन शनिवार हेनारो आला नाही. तिसऱ्या शनिवारी पुरिताने भात टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आता बेनिग्नोलाच दोन खायला घाला. उरतायत."

सेवेरो आजवर कुणाच्या मागे गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी हेलेना आंब्याच्या खोक्यात ठेवली, खोकं मांडीवर घेऊन जीपनीत, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाडीत, बसले आणि हेनारोच्या घरी गेले. हेनारोने दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं आणि मागे सरकून जागा दिली.

"रंग सापडला?"

"नाही. आणि मी नियम सोडणार नाही, ते आधीच सांगतो."

"मग इतक्या लांब कशाला आलात, नोंग?"

"विचारायला. मी चुकीचं विचारलं होतं. तू काय पाहिलंस, ते सांग."

हेनारोने धुराड्यावर बोट ठेवलं. "धुराडं आतून पाहिलंय," तो म्हणाला. "जहाज बंदरात थांबलं की मीच साफ करायचो. दोरीला लटकून."

"आतून कसं होतं?"

"काळं. पण डांबरासारखं नाही. मखमलीसारखं. बोट लावलं की निघायचं."

"ब्रशने जमेल?"

"ब्रशने नाही जमणार."

त्याने देवाच्या फळीवरची मेणबत्ती खाली आणली, पेटवली आणि बोटाएवढं धुराडं काढून ज्योतीवर उलटं धरलं. सेवेरोंनी चष्मा पुसला आणि आत डोकावून पाहिलं. "अजून थोडं," ते म्हणाले. "या बाजूला लाकूड दिसतंय."

हेलेना के. आजही शेडमध्ये आहे, कोऱ्या लाकडाची, रंगाचा एक थेंबही नसलेली. नवा माणूस हटकून विचारतो, हे अर्धवट का ठेवलंय? त्याला उत्तर हेनारो देतो. त्याला वाकून वरून धुराड्यात बघायला सांगतो, पण हात लावू देत नाही.